आवडाबायचा दोर

"तिला दिसतं गो थोडंफार. नाहीतर एवढा सारखा सुंभ वळला असता तिने?"

सासूबाई परसात धाकट्या काकींना सांगत होत्या. मी आत खोबरं किसत होते. नव्या सुनेला ऐकू येत नाही, असा या घरात समज आहे.

बोलणं वासंतीबद्दल होतं. ती जन्मापासून आंधळी. शहरात काथ्याचं काम शिकून आली आणि होडीच्या दोराचं काम मला द्या, असं मामंजींना सांगून गेली. आमच्या खाडीवर आडव्या बांधलेल्या दोराला धरून होडी ओढतात, आणि मामंजी त्या होडीचे कारभारी. तेव्हापासून घरात कुजबुज चालू होती.

गंमत अशी, की हे गाव आवडाबायचं.

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की खाडीकाठचे म्हातारे माड तेव्हा रुजलेही नव्हते. आवडाबायचे डोळे लहानपणी देवीच्या आजारात गेले. गावाने तिला वार लावून दिले. आज या घरी भात, उद्या त्या घरी. गाव स्वतःवर खूश होतं. पण आवडाबाय मोठी झाली तशी त्या भाताला कंटाळली. तिने खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पुरली, कुजवली, कुटली आणि सुंभ वळायला बसली. कुठलं सोडण कधी तयार झालं ते चिखलच तिला सांगायचा, असं म्हणतात.

दोर झाला, पण कुणी घेईना. होडी चालवणारा भिकू तांडेल म्हणाला, हिला दिसतं, फुकटचा भात खायला ढोंग करते. मग पंचांनी परीक्षा घ्यायची ठरवली आणि तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. आंधळीच्या डोळ्यांवर. ती वळत राहिली. फडकं पातळ असेल म्हणून वरून गोधडी टाकली. तरी ती वळत राहिली. तेव्हा गावाला पटलं, की हिला खरंच दिसत नाही. आणि लगेच हेही पटलं, की मग हिच्या हातांतून दुसरंच कुणीतरी वळतंय. दिसत असेल तर लबाड, दिसत नसेल तर भुताटकी. दोर पडवीत पडून राहिला. बऱ्याच घरांनी भातही बंद केला.

मग श्रावणात वादळ आलं. माणसांनी भरलेली होडी खाडीच्या मध्यावर असताना तिचा दोर तुटला आणि होडी समुद्राकडे वाहत चालली. गावात दुसरा दोर एकच होता. भिकू तांडेलाने तो न विचारता उचलला. होडीत त्याची बायको होती.

फेकला तेव्हा दोर अर्ध्या वाटेलाही पुरला नसता, पण तो पाण्यावर वाढत गेला, असं म्हणतात. ज्या माडाला तो गुंडाळला, तो माड वाकून पाण्याला टेकला, बुंध्यातून धूर निघाला, पण दोराचा एक पदर सुटला नाही. होडी काठाला लागली.

मग सगळं गाव ओटी आणि नारळ घेऊन तिच्या दारात उभं राहिलं. लोक पाया पडू लागले. तिने पाय आखडून घेतले.

"मला देवी करू नका," ती म्हणाली. "पुढचा दोर कुणाला सांगताय, तेवढं बोला."

शेवटी भिकू तांडेल खाली बघत म्हणाला, "तुलाच."

त्यानंतर ती असेपर्यंत खाडीवर दुसऱ्या कुणाचा दोर चढला नाही, आणि तिने दुसऱ्याच्या घरचा भात खाल्ला नाही. ती गेली त्या दिवशी भरतीचं पाणी तिच्या उंबऱ्याला शिवून माघारी फिरलं, असं म्हणतात.

अजूनही नारळी पौर्णिमेला गावातले पुरुष डोळ्यांना फडकं बांधून तिच्या नावाने हातभर सुंभ वळतात. तो वेडावाकडा होतो, सगळे हसतात, मग तो माडाला बांधतात. आणि होडीला बाजारातून आणलेला दोर लावतात.

यंदा त्या संध्याकाळी पडवीत वासंतीचा विषय निघाला. तिला साडी-नारळ देऊन तिचा सत्कार करायचा आणि दोर बाजारातूनच आणायचा, असं ठरत आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, उद्या काही झालं तर लोक आपल्यालाच नावं ठेवतील. वासंतीने नमुन्याला दिलेला सुंभ खुंटीवर तसाच होता. कुणी त्याला हात लावला नव्हता. मी लावला होता, ओढूनही पाहिला होता, पण मला कोण विचारतंय?

चहाचे कप खाली ठेवले आणि मी म्हणाले, "मामंजी, गणपतीला मी माहेरी जाणार ती याच होडीने. दोर वासंतीचा असेल तरच बसेन."