न परतलेले रोगी

सोनवड नावाच्या नगरीत नेत्रवैद्यांची एक सभा होती. दर तीन वर्षांनी ही सभा एका वैद्याला 'नयनश्री' ही पदवी, एक शाल आणि पाच वर्षांची संशोधनवृत्ती देत असे. ज्याच्या वहीत शंभरांहून अधिक रोगी बरे झाल्याची नोंद असेल आणि त्यांपैकी पाच जणांना जो साक्षीसाठी सभेपुढे उभे करील, त्याचाच विचार होई.

त्या नगरीत भार्गव नावाचे एक वैद्य होते. बुबुळावर पडणाऱ्या पांढऱ्या फुलावर त्यांनी अकरा वर्षे खपून एक अंजन तयार केले होते. ते अजून अपुरे आहे, हे ते जाणून होते. वृत्ती मिळाली, तर सारा वेळ देऊन ते पुरे करता येईल, एवढीच त्यांची आस होती. त्यांच्या वहीत बरे झालेले एकशे बारा रोगी होते.

वही लिहिण्याची रीत सर्व वैद्यांची सारखीच होती. पहिल्या दिवशी लक्षणे लिहायची. रोगी पुन्हा आला, तर 'उपचार चालू'. पुन्हा आलाच नाही, तर 'बरा'. गुरूंनी हेच शिकवले होते आणि गुरूंना त्यांच्या गुरूंनी.

भार्गव साक्षीदारांना निमंत्रण द्यायला निघाले. दोन दिवसांत पाच जण मिळाले. परतताना कोष्ट्यांच्या आळीत सगुणाबाईंचे घर लागले. वहीत त्यांच्या नावापुढे 'बरी' असे लिहिलेले होते, म्हणून विचारपूस करायला ते आत शिरले. मागावर सून बसली होती. सगुणाबाई भिंतीला टेकून होत्या. त्यांनी वैद्यांना आवाजावरून ओळखले.

"वैद्यबुवा, तुम्ही? अगं, पाट दे त्यांना."

"डोळा कसा आहे, बाई?"

"गेला की तो. तुमचं अंजन घातलं अन् आठ दिवसांत गेला. दुसरा तर लहानपणीच गेला होता."

"मग तुम्ही परत का आला नाहीत?"

"गेलेला डोळा दाखवायला येऊ? अन् तुम्ही किती जीव लावून औषध केलंत, बुवा! गुण आला नाही, हे तुमच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना."

घरी येऊन भार्गवांनी वही उघडली आणि 'बरी' हा शब्द खोडला. मग उरलेल्या एकशे अकरा नावांकडे ते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वहाणा घालू लागले, तेव्हा पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "पाच मिळाले ना? सहावा कोणी मागितला आहे का?"

"सभेने नाही मागितला."

यमुनाबाईंनी दशम्या बांधून दिल्या.

सव्वा महिना भार्गव दारोदार हिंडले. एकशे बारांपैकी एकतीस खरोखर बरे झाले होते. अठ्ठावन्न जणांचे फूल होते तसेच होते. नऊ जणांचा ठावठिकाणा लागला नाही. चौदा जणांचा डोळा गेला होता. भार्गवांनी पहिल्या दिवशीची लक्षणे पुन्हा वाचली. त्या चौदांपैकी तेरा जणांच्या डोळ्यांत तेव्हा पू होता. बरे झालेल्या एकतीस जणांत तो एकाच्याही डोळ्यात नव्हता.

सभेच्या दिवशी त्यांनी हे सारे आकडे वाचून दाखवले. "पू असलेल्या डोळ्यात हे अंजन कोणीही घालू नये. आणि मी शंभरांची अट पुरी करीत नाही," असे म्हणून ते थांबले.

सभागृहात कुजबुज झाली. सभापती विश्वंभरशास्त्री म्हणाले, "भार्गव, आम्ही सर्वांनी याच रीतीने वह्या लिहिल्या आहेत. तुमची वही खोटी ठरली, तर आमच्या शाली आम्ही कुठे ठेवायच्या?"

"ते मला ठाऊक नाही. माझी वही सभेपुढे उघडी ठेवायची, तेवढे मला ठाऊक आहे."

सभेने त्यांचे निवेदन कामकाजात नोंदवले नाही. पदवी, शाल आणि वृत्ती लक्ष्मीधर वैद्यांना मिळाली. भार्गवांचे अंजन तेही वापरीत असत. त्यांच्या वहीत बरे झालेले दोनशे चार रोगी होते.

भार्गवांना वेळ मिळाला नाही. ते पूर्वीसारखेच दिवसभर रोगी तपासत आणि उरल्या वेळात अंजन खलत राहिले. गावात लोक म्हणत, "ज्याच्या हातून चौदा डोळे गेले, तोच ना हा?" त्यांच्या ओसरीवरची गर्दी निम्मी झाली.

आठ महिन्यांनी एका सकाळी विश्वंभरशास्त्री स्वतः त्या ओसरीवर आले. कडेवर पाच वर्षांची नात होती. तिच्या बुबुळावर फूल पडले होते आणि पापण्या चिकटल्या होत्या.

भार्गवांनी विचारले, "नयनश्रींकडे का नेले नाहीत?"

विश्वंभरशास्त्री खाली पाहत म्हणाले, "लक्ष्मीधरांच्या वहीत एकही डोळा गेलेला नाही. अंजन केव्हा घालू नये, हे त्यांना कुठून कळणार?"

भार्गवांनी मुलीला उजेडात धरले. पापण्या कोमट पाण्याने उलगडल्या आणि आत पाहिले. पू होता. अंजनाची डबी त्यांनी बाजूला सारली, डोळा धुतला आणि दिवसातून चार वेळा तो कसा धुवायचा, हे आजोबांना करून दाखवले.

"डोळा वाचेल का?" विश्वंभरशास्त्र्यांनी विचारले.

"आज सांगता येत नाही."

"मग आठव्या दिवशी हिला घेऊन येतो."

"तुम्ही येऊ नका," भार्गव म्हणाले. "मीच येईन."

तात्पर्य: तक्रार कानी आली नाही, म्हणजे काम साधले असे नव्हे. जो आपले अपयश शोधत लोकांच्या दारी जातो, त्याच्याच ज्ञानावर भरवसा ठेवावा. मग त्याच्या खांद्यावर शाल असो वा नसो.