घासून आणलेली परात

"मग वर्ग माझ्या हाती कधी देणार, आक्का?"

"तुझा प्रयोग फसला की."

सुनेत्रा हसली. आक्का हसल्या नाहीत.

"थट्टा करताय."

आक्का शहाळ्याची नळी दातांनी चेपत होत्या. चेपून झाल्यावर कात्रीनं तिचे कोपरे छाटले आणि फुंकर मारली. पीं करून नळी वाजली.

"माझा प्रयोग फसत नाही, आक्का. तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तेच तर..."

आणि त्या पुन्हा नळी वाजवत बसल्या.

गारगोटीला देवळामागं धर्मशाळा आहे. तिच्या ओट्यावर आक्कांचा रविवारचा वर्ग भरायचा. आक्का प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्गाला फळा नाही, खडू नाही. फुटक्या बाटल्या, सायकलची फाटकी ट्यूब, करवंट्या, गेलेले बल्ब. पोरांनी हातानं काहीतरी करायचं आणि ते तसं का होतं हे आपसांत भांडून ठरवायचं. आक्का मध्ये पडायच्या नाहीत. डोकं फुटायची वेळ आली तरच.

सुनेत्रा याच ओट्यावर वाढली. पुढं शिकली, हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. हात चांगला होता तिचा. पण आपला हात चांगला आहे हे ती भेटेल त्याला सांगायची.

दिवाळी झाली की आक्का लेकीकडे बेळगावला जाणार होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा ओवता येईना. वर्ग चालवायला कुणी नसेल तर देवस्थानवाले ओट्यावर मांडवाच्या खुर्च्या रचणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सुनेत्राला वर्ग हवा होता. मिरवायला नव्हे, खरंच हवा होता. तो गेला तर तिचं लहानपणच कुणी उचलून नेल्यासारखं झालं असतं.

पुढच्या रविवारी ती वाटीभर पाणी घेऊन आक्कांसमोर बसली. सुई काढली. टोक खाली धरून सोडून दिली.

सुई तळाला गेली.

"घ्या. फसला."

"हा फसला नाही. तू बुडवलीस."

"मग करू तरी काय?"

"पुढच्या रविवारी पोरांपुढं कर. तरंगवून दाखव."

"हे तर मला झोपेतही येतं."

"मग झोपून ये."

त्या रविवारी सुनेत्रा झोपून आली नाही. पहाटे उठून आली होती. इस्त्रीची साडी, आणि काखेत पितळेची परात. परात अशी चकचकीत, की तीत पोरांना आपापली तोंडं दिसायला लागली. त्यांतल्या रेहाननं तिच्यात बघून भांग पाडला.

"वाकू नका रे. लांब बसा. नुसतं बघायचं."

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

सुनेत्रानं परातीत पाणी ओतलं. वर्तमानपत्राचा कपटा पाण्यावर ठेवला, कपट्यावर सुई आडवी ठेवली. कागद भिजला. आता काडीनं कागद हळूच खाली ढकलायचा, म्हणजे सुई वर राहते.

"लोखंड पाण्यावर तरंगतं का रे?"

"न्हाई!" पोरं ओरडली.

"आता बघा."

कागद गेला. त्याच्यामागोमाग सुई गेली.

"बुडली की वो मॅडम!" सानिका म्हणाली. सानिका पुढंच बसायची, आणि तिचं तोंड कधी मिटलेलं नसायचं.

"हात हलला माझा."

दुसरा कपटा. सुई बुडाली. तिसरा. तीही बुडाली. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"सुईच भिकार आहे."

सुई बदलली. नवी सुई जुनीपेक्षा लवकर बुडाली.

सुनेत्राच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मॅडम," रेहान म्हणाला, "माझी अम्मी सुई केसातनं फिरवून घेते. तेल लागतं. बघू का तसं?"

"गप्प बस. मला शिकवू नकोस."

रेहान मागं सरकला. त्याच्याबरोबर सगळी पोरं मागं सरकली.

सुनेत्रानं आक्कांकडे पाहिलं.

"आक्का... सांगा ना. काय चुकतंय?"

"मला कुठं दिसतंय?"

असं म्हणून आक्कांनी डोळेही मिटून घेतले.

सुनेत्रा बसून राहिली. परातीतलं पाणी हलायचं थांबलं. तळाशी सुया पडल्या होत्या, आणि वर तिचंच तोंड दिसत होतं...

मग तिनं बाही सारली. पाण्यात हात घालून एक सुई काढली, पदराला पुसली आणि रेहानच्या तळहातावर ठेवली.

"मला कळंना रे. तू बघ."

रेहाननं सुई केसांतून फिरवली. बुडाली.

"आता मी!" सानिका घुसली. मग कोण घुसलं आणि कोण नाही याचा हिशेब राहिला नाही. एक म्हणे पाणी बदला, एक म्हणे वारा सुटलाय. कुणीतरी आपल्या डब्याचं झाकण आणलं, त्यात माठातलं पाणी घेतलं. सुई तरंगली.

"तरंगली! तरंगली!"

"माठाचं पाणी चांगलं हाय."

"मग तेच ओत की परातीत."

परात रिकामी करून माठाचं पाणी ओतलं. सुई बुडाली.

"पाण्याचं काय न्हाई. परातच चोर हाय!"

सानिकानं परातीच्या काठावरून बोट फिरवलं आणि सरळ तोंडात घातलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"थू! मॅडम, साबण!"

सगळे सुनेत्राकडे वळले.

"काल घासली," ती म्हणाली. "चांगली दिसावी म्हणून. तेवढ्यात नळ गेला... मग फडक्यानं पुसली."

"माझ्या आयनं धपाटा घातला असता," सानिका म्हणाली.

आधी पोरं हसली. मग सुनेत्रा हसली. पोट धरून हसली, इस्त्रीच्या साडीत ओल्या फरशीवर बसून.

रेहान हसत नव्हता. त्यानं परातीला बोट घासलं, आणि ते बोट झाकणातल्या पाण्याला टेकवलं, सुईपासून लांब. सुई झटक्यानं पळाली आणि बुडाली.

असा कल्ला झाला की देवळाचा पुजारी बाहेर येऊन बघून गेला.

मग प्रत्येकाला सुई बुडवायची होती. बुडवायची तर आधी तरंगवायला हवी. आपापल्या डब्यांची झाकणं आली, पुजाऱ्याची ताटलीसुद्धा आली. ऊन ओट्यावर चढलं. गल्लीतून आया हाका मारत होत्या, जेवायला चला रे. ढिम्म कुणी हललं नाही. सुनेत्रा पोटावर आडवी पडली होती, डोळा पाण्याच्या रेषेत.

"ए, इकडून बघा! सुईखाली पाण्याला खड्डा पडलाय!"

"कुठं?"

"वाकून बघ की. असा... चादरीवर झोपल्यासारखा!"

इतकी वर्षं सुया तरंगवल्या, पण तो खड्डा तिनं पहिल्यांदा पाहिला.

शेवटी पोरं गेली. रेहान जाताजाता थांबला.

"सुई नेऊ, मॅडम? अम्मीला दाखवतो."

"ने. आणि तिला म्हणावं, केसातनं सुई का फिरवायची ते मलाही सांग."

रेहाननं सुई कॉलरला टोचली आणि पळाला.

ओट्यावर दोघीच राहिल्या. सगळीकडे पाणी आणि कागदाचे कपटे.

"आज पार फज्जा झाला, आक्का."

"झाला."

"पोरांपुढं."

"हं."

वर्गाचं विचारावं असं सुनेत्राच्या ओठावर आलं होतं. तिनं विचारलं नाही. कपटे गोळा केले, साडी पिळली. मग परात उचलून नळाकडे निघाली. नळाला पाणी आलं होतं.

"कुठं चाललीस?" आक्कांनी मागून विचारलं.

"परात विसळते. चांगली धुऊन काढते आता."

"धुऊ नकोस," आक्का म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तुझ्या वर्गाला लागेल."