आढं माझं

पूर्वी चंपकनगरात ब्रह्मसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी न्यायाचा अमात्य होता. स्वभावाने अगदी शांत माणूस. पण ही गोष्ट त्याला राग आला त्या दिवसाची आहे, आणि सांगताना मलाही येतो. माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

त्या नगरात घर भाड्याने देताना एक रीत होती. मालक अंगणातली मूठभर माती भाडेकरूच्या ओंजळीत घाली आणि म्हणे, "भुई तुझी, आढं माझं." भुई झाडायची, सारवायची, राखायची ती राहणाऱ्याने. वरचं आढं, म्हणजे छपराचा सगळा भार पेलणारं आडवं लाकूड, सांभाळायचं ते मालकाने. जुन्या लोकांनी कामाची वाटणी म्हणून हे ठरवलं होतं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

पण मणिगुप्त श्रेष्ठीने त्यातला 'माझं' एवढाच शब्द उचलला. विणकर आळीतली घरांची अख्खी रांग त्याची होती. त्यातल्या एका खोलीत भद्रिका नावाची विधवा विणकरीण आणि तिची सासू राहत. सासूचं अंग लुळं पडलेलं, खाटेवरून हलता येत नसे. अर्धी खोली मागाने व्यापलेली, म्हणून खाट बरोबर आढ्याखाली. ते आढं वाळवीने पोखरलं होतं. म्हातारीच्या तोंडावर, जेवणाच्या पानात लाकडाचा भुगा पडायचा. पावसाळ्यात वरची कौलं भिजून जड झाली आणि आढ्याला उभी चीर गेली.

भद्रिका मालकाकडे गेली. तो म्हणाला, "बघू."

पुन्हा गेली, तेव्हा तो पानाला चुना लावत होता. वर न बघता म्हणाला, "अगं, पडायचं असतं तर एव्हाना पडलं असतं." बैठकीतले लोक हसले. हसू आलं म्हणे त्यांना. त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर ते आढं नव्हतं.

भद्रिकेने मग एक बांबू आणला आणि चिरेखाली टेकू दिला. आणि काय आश्चर्य, ज्या मालकाला इतके दिवस आळीची वाट सापडत नव्हती, तो त्याच दुपारी हजर! भाडेकरूने आढ्याला हात लावला तर त्याला घर खाली करायला लावता येईल, असा नियम श्रीमंतांनी मागाहून करून घेतला होता. मणिगुप्ताने टेकू उपटला आणि भद्रिकेला न्यायसभेत उभं केलं.

"हिने माझं घर बळकावायला घेतलं आहे," तो म्हणाला. "आढं माझं. माझ्या परवानगीशिवाय हिने हात लावलाच कसा?"

बोधिसत्त्वाने भद्रिकेला विचारलं, "बाई, टेकू का दिला?"

"सासू खाली आहे, महाराज. तिला उठता येत नाही."

"आत्ता कुठे आहे ती?"

"तिथेच. मला इथे बोलावलं ना."

"आणि टेकू?"

भद्रिकेने बोट दाखवलं. बांबू सभेत मणिगुप्ताच्या पायाशी पडला होता. पुरावा म्हणून आणला होता त्याने.

ज्याने आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, तो अमात्य रागाने आसनावरून उठला. "पुढचं कामकाज त्या घरात होईल," एवढं बोलून तो चालू लागला. सभा मागे धावली.

वाटेत मणिगुप्ताने त्याला गाठलं आणि आवाज खाली आणला. "अमात्य, आपलीही घरं भाड्याने आहेत. आज माझ्यावर निकाल दिलात, तर उद्या आपल्या दारात भाडेकरू उभे राहतील."

"राहू देत," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने पाऊल आणखी उचललं.

घर आलं. बोधिसत्त्व आणि भद्रिका आत गेली. वर लाकूड करकरत होतं. दोघांनी म्हातारीला गोधडीसकट उचललं. उचलता उचलताच बोधिसत्त्वाने हाक दिली, "श्रेष्ठी, आत या. आढं तुमचं ना? त्याच्याखाली उभं राहून सांगा, मी ऐकतो."

मणिगुप्ताने वर पाहिलं. भुगा गळत होता. "मी इथूनच सांगतो," तो म्हणाला. उंबऱ्याच्या आत त्याने पाय टाकला नाही.

"मग दारातून बाजूला व्हा. आम्हाला बाहेर पडायचं आहे."

म्हातारीला ओट्यावर ठेवून बोधिसत्त्वाने तिथेच निकाल दिला. "ज्या छपराखाली मालक उभा राहायला भितो, त्याखाली दुसऱ्याला झोपवायचा हक्क त्याला नाही. आढं आजच बदला. ते होईपर्यंत या दोघी तुमच्या माडीवर राहतील. आणि यापुढे जिवाला धोका असेल तिथे मालक आला नाही तर राहणाऱ्याने दुरुस्ती करावी, खर्च मालकाने सोसावा. माझ्या घरांनाही हेच लागू." सुतारांनी आढं उतरवलं, तेव्हा ते त्यांच्या हातातच मोडलं. संध्याकाळी तेच सुतार अमात्याच्या घरांकडे गेले आणि तिथलीही दोन आढी बदलावी लागली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे एका आजारी भिक्षूच्या कुटीचं छप्पर खचलं होतं आणि विहाराचा प्रमुख रोज ते टाळत होता. शास्ते म्हणाले, "त्या वेळची सासू म्हणजे हा आजारी भिक्षू. भद्रिका म्हणजे त्याची शुश्रूषा करणारा त्याचा सोबती. अमात्य मी होतो. आणि मणिगुप्त श्रेष्ठी म्हणजे, प्रमुख, तुम्ही."

प्रमुखाचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले. "भन्ते, फार उपकार झाले. पावसाळ्याचा वर्षावास संपला की लगेच काम लावतो."

शास्त्यांनी चीवर खांद्यावर घट्ट केलं, शिडी कुठे आहे ते विचारलं आणि पावसात बाहेर पडले. त्यांच्यामागे प्रमुखाला जावंच लागलं.

या जातकातला गुण करुणा, असं पुष्कळांना वाटतं. करुणा तर त्या प्रमुखालाही आली होती, रडला की तो. शास्त्यांनी शिडीवरून जे नाव सांगितलं ते वीर्याचं, म्हणजे उठून कामाला लागण्याचं.