मुंगसाच्या दुकानातला भाव

जनावरं बाजारहाट करायची, तेव्हाची गोष्ट. भागी मेंढी कोकरासाठी मीठ आणायला डोंगरापलीकडच्या मुलखात गेली. तिच्या गावात अंगावरची लोकर हेच नाणं. तिकडे चालायचे अक्रोड. वेशीवर खार लोकर घेऊन अक्रोड द्यायची, पण तिथं ही मोठी रांग. कोण ताटकळणार?

दुकानदार मुंगूस गोडबोल्या. "अक्रोडाची कटकट कशाला, ताई? तुमच्या लोकरीतच भाव सांगतो की."

भागी फुलली. परक्या मुलखात एवढा मान मिळाल्यावर घासाघीस कशी करायची? मेंढीच ती. वेशीवर मूठभर लोकरीत सगळं भागलं असतं. इथं मिठापायी पाठीवरची लोकर गेली, पेंडेपायी पोटावरची गेली, मुक्कामापायी मानेवरचीही गेली.

निघायच्या दिवशी खिंडीत बर्फ पडलं. उघडीबोडकी भागी पुन्हा दुकानात आली.

"भाऊ, एक घोंगडी द्या. कोकरू एकटं आहे घरी."

मुंगसानं तिच्याच लोकरीची घोंगडी काढली. "घ्या की. काय देता?"

भागीनं स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. मुंगसानं घोंगडी घडी करून फळीवर ठेवली.

कोकरासाठी ती तशीच निघाली.

बर्फ वितळल्यावर ती खिंडीत सापडली. गळ्यातली मिठाची पुरचुंडी तेवढी शाबूत होती.