वैशाखातलं पाणी किती खातं?

“पण सही का नाही करत, बाई?”

प्रद्योतने तिसऱ्यांदा विचारलं. मुळातच ताठ मानेचा मुलगा, त्यात पीएचडी हातातोंडाशी आलेली. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. म्हणून तो थेट मालवणला, त्याच्या मार्गदर्शक चिपकर बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन थडकला होता.

“वैशाखात आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच,” बाई म्हणाल्या. “त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, आपलं प्लवक, अर्धपोटी जगतं. आणि तू लिहितोस, ते भाद्रपदाइतकंच खातं?”

“तोच तर माझा शोध!”

“कसं मोजलंस?”

“बाटलीत समुद्राचं पाणी, त्यात खूण केलेला नायट्रोजन. तीन तास उन्हात. मग प्लवक गाळून पाहिलं, खुणेचा किती पोटात गेला ते.”

“हं...” बाईंनी तव्यावरचं घावन त्याच्या ताटलीत टाकलं. “सकाळी काय खातोस रे?”

“काही नाही. कोरा चहा.”

“बरं. वैशाखाच्या बाटलीत किती घातलास?”

“भाद्रपदात घातला तेवढाच. भेदभाव नको.”

तो खात खात बोलत होता. दुसरं घावन आलं. तिसरं आलं. आकडे सांगण्याच्या भरात चौथंही संपलं.

बाईंनी हात पुसले, प्रबंध ओढून घेतला आणि शेवटच्या पानावर पेनाने लिहिलं : प्रद्योत रोज सकाळी चार घावनं खातो.

खाली सही ठोकली. तारीखसुद्धा घातली.

“बाई! हे साफ खोटं आहे.”

“माझ्या डोळ्यांदेखत खाल्लीस.”

“तुम्ही वाढलीत म्हणून! एरवी कोण मला...”

तो मध्येच थांबला.



प्रद्योतने मागची पानं उलटली. वैशाखाच्या पाण्यात नायट्रोजन मुळात किती होता, आपण वरून किती घातला... वीसपट. त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटण्यासारखंच होतं ते. तीन वर्षांची मेहनत काही थोडी नसते.

“म्हणजे माझे आकडे चुकले?”

“आकडे बरोबर आहेत.”

“मग इतके दिवस मी मोजलं तरी काय, बाई?”

बाईंनी गॅस बंद केला.

“भूक मोजलीस, बाबा. जेवण मोजायचं राहिलंय.”