तारमास्तरांची पाटी

"म्हणजे मी पाटी मागायचीच नाही, असं म्हणताय का मास्तर?" श्रेणिकनं विचारलं.

नझीर मास्तर चष्मा पुसत होते. त्यांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला.

मिरज जंक्शनात त्यांनी उभी हयात तारा पाठवण्यात घालवली होती. इंग्रजी अक्षरं त्यांना डोळ्यांआधी कानांनी ओळखता यायची. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी ते नगरवाचनालयाच्या ओसरीत पाटी घेऊन बसू लागले. पाटीवर तीन अक्षरं लिहायची. ती तिन्ही ज्यात येतात असा एक इंग्रजी शब्द प्रत्येकानं पाळीपाळीनं सांगायचा. अक्षरं कुठंही येवोत, मागंपुढं होवोत, चालतं. एकानं सांगितलेला शब्द दुसऱ्यानं सांगायचा नाही, आणि सुचलं नाही तर सरळ 'पास' म्हणायचं. वही नाही, फोन नाही, बक्षीस तर नाहीच नाही. या खेळावर गावातली कितीतरी माणसं इंग्रजी वाचायला शिकली.

आता दिवाळीनंतर मास्तर कायमचे सोलापूरला लेकाकडे निघाले होते. पाटी कुणाच्या हाती देणार, ही एकच गोष्ट श्रेणिक कुंभोजेच्या डोक्यात घोळत होती.

श्रेणिक सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा इंग्रजीत दोनदा नापास झालेला होता. आज तो एका क्लासमध्ये इंग्रजीच शिकवत होता. शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर बसलेले असत. पाळी आली की श्वास घ्यायलासुद्धा थांबायचा नाही. मास्तरांनीच त्याला घडवलं होतं, आणि मास्तरांवर त्याचा जीव होता. पाटी दुसऱ्या कुणाला गेली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्याला मनापासून वाटे.

शिवाय त्याच्या मते बैठकीचं मातेरं होत चाललं होतं. वर्षापूर्वी पंधरा माणसं यायची, आता जेमतेम सहा उरली होती. याचं कारण त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि ते त्यानं आज बोलूनही टाकलं. मास्तरांना आता लवकर सुचत नाही, समोरचा सोपा शब्द दिसत नाही, ते बसतात विचार करत आणि माणसं कंटाळून जातात. वय झालं की असं व्हायचंच, त्यात कमीपणा कसला, असंही वर समजुतीनं सांगितलं.

मास्तरांनी पाटी पुढ्यात ओढली.

"आजची बैठक होऊ दे," ते म्हणाले. "मग बोलू."

दहाच्या सुमारास मंडळी जमली. मास्तरांच्या शेजारी नेहमीप्रमाणे श्रेणिक. त्याच्या पलीकडे इंदूबाई वाघमोडे. त्या ब्लाउज शिवायच्या. नातीच्या शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या आपल्या आपण वाचता याव्यात म्हणून सात-आठ महिन्यांपासून येत होत्या. घाईघाईत येताना दोरा ओवलेली सुई तशीच पदरात खोचलेली राहायची. त्यांच्यापुढं एसटीतून निवृत्त झालेले पोतदार कंडक्टर, आणि मग आणखी दोघंजण.

मास्तरांनी पाटीवर तीन अक्षरं काढली. डी, एल, एन.

पहिली पाळी त्यांचीच. ते पाटीकडं बघत राहिले...

श्रेणिकला दहा शब्द दिसत होते. त्याचा पाय हलायला लागला. पोतदारांनी घड्याळाकडं पाहिलं.

"मँडोलिन," मास्तर म्हणाले.

"नीडल," श्रेणिकनं लगेच ठोकून दिला.

इंदूबाईंचे ओठ उघडले होते, ते मिटले. त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं.

"पास," त्या म्हणाल्या.

पोतदारांना 'हँडल' सुचलं, आणि एसटीनं निदान एक शब्द तरी दिला म्हणून ते स्वतःशीच हसले. पुढच्या दोघांपैकी एकानं कसाबसा एक शब्द काढला, दुसऱ्यानं पास दिला.

पाळी फिरून मास्तरांकडं आली. पुन्हा तेच. हात गुडघ्यावर, नजर पाटीवर... श्रेणिकला आता राग नव्हे, वाईट वाटत होतं. एके काळी याच माणसाचा शब्द पूर्ण व्हायच्या आत पुढचा तयार असायचा, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "शँडेलिअर." छताला टांगायचं झुंबर, असा अर्थही त्यांनी सगळ्यांना सांगितला.

"कँडल," श्रेणिक म्हणाला.

इंदूबाई या खेपेला पाटीकडं बघतच नव्हत्या. त्यांनी पास दिला आणि पिशवी उचलली. संध्याकाळपर्यंत चार ब्लाउज द्यायचेत, असं म्हणाल्या. मग चपला पायात सरकवता सरकवता, पुढच्या रविवारी जमेलसं वाटत नाही, असंही सांगून गेल्या. मास्तर त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिकडं बघत राहिले.

आणखी एक फेरी झाली आणि बैठक उठली. बाकीची मंडळी चहाला गेली. ओसरीत दोघंच उरले.

श्रेणिकनं सतरंजीची घडी घातली. मास्तरांचा पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला. परत येऊन समोर बसला. आपलं म्हणणं आज सगळ्यांदेखत सिद्ध झालं, याचा त्याला म्हणावा तसा आनंद होत नव्हता. तरी मनातली गोष्ट विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"मास्तर, रागावू नका. मँडोलिन, शँडेलिअर... असले कुठले कुठले शब्द तुम्हाला आठवतात. मग 'नीडल' कसा दिसला नाही? अगदी समोर होता."

मास्तरांनी फडकं ओलं केलं. पाटीवरची तिन्ही अक्षरं पुसली, कडा पुसल्या, मागची बाजू पुसली. पाटी वाळेपर्यंत हातात धरून बसले. मग ती आपल्या पिशवीत ठेवली आणि पिशवीचा बंद आवळला.

"दिसला होता की," ते म्हणाले. "पण इंदूबाईंची पाळी यायची होती."