विरजण कशात ठेवलंय?

कुरुंदवाडात एक राघू गोंधळी होता. त्याला विश्राम नावाचा लेक होता, शेवंता नावाची सून होती, आणि तिघांचाही भरवसा होता तो नदीकाठच्या मठीतल्या सदोबाबुवांवर.

“मग बुवा, यंत्र कुठलं घेऊ?”

त्या सकाळी विश्रामनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मांडीवर वही, वहीत यंत्रांची कात्रणं, शेजारी तुणतुणं घेऊन बसलेला बाप.

राघूबाला देवीची अकरा आख्यानं तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही. बापाचा आवाज भरून ठेवायचा, म्हणून विश्राम यंत्र शोधायला निघाला, त्याला चार वर्षं झाली.

आधी सीडीचं बघितलं. दुकानदार म्हणाला, सीडीचा जमाना संपला. मग एमपी-थ्री. कुणी म्हणालं, त्यात आवाज पिळून भरतात, अर्धा सांडतो. मग वेव्ह, मग फ्लॅक... खताच्या पोत्यावरची नावं वाटावीत अशी एकेक. ह्या यंत्रात हे चालतं, त्यात ते चालत नाही, आणि उद्या काय चालेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

दर दसऱ्याला बाप विचारायचा, “म्हणू का रं?”

“थांबा आबा. एकदाच घेऊ, पण कायमचं घेऊ.”

आबा थांबले. दोन आख्यानं थांबली नाहीत. म्हातारा ओठ हलवायचा, ओळच यायची नाही.

आता नऊ उरली होती. आणि दम्यानं छाती भरलेली.

“यातलं मला इतकं कळतं बुवा,” विश्राम वहीवर थाप मारून म्हणाला, “की दुकानदारच मला विचारतात. फक्त तुम्ही एकाच्या नावावर बोट ठेवा.”

बुवांनी बोट ठेवलं... शेवंतानं आणलेल्या दहीभातात. चाटून बघितलं.

“फक्कड दही. विरजण कुणाचं गं?”

“सासूबाईंचं. त्यांनी माहेरहून करवंटीत आणलेलं.”

“अजून करवंटीतच आहे?”

शेवंता हसली. “करवंटी कुठली बुवा! मग पितळेचं भांडं होतं. कल्हई गेली तशी चिनी मातीची बरणी. ती फुटली. आता स्टीलचा डबा.”

“आणि मधे कधी मोडलं नाही?”

“मोडलं की. महापुरात घरात छातीएवढं पाणी. डबाच वाहून गेला.”

“मग हे?”

“सासूबाईंनी कधीकाळी शेजारच्या माडीवरल्या अक्काताईला वाटीभर दिलं होतं. तिच्याकडनं आणलं.”

विश्राम चुळबुळला. “बुवा, दह्याचं राहू दे. माझं...”

बुवांनी कमरेचा मोबाइल काढला. काच तडकलेली, पाठीला रबर गुंडाळलेलं. बटण दाबून राघूबाच्या पुढ्यात ठेवला.

“राघूबा, म्हणा.”

“अहो, ह्याच्यात?” विश्राम अर्धा उठला. “ह्याचा माइक फुटका! खालचा सूर येणार नाही, वारा घुसेल, आणि फाइल कसली होईल...”

बुवांनी त्याचा हात धरून खाली बसवला. सोडला नाही.

राघूबा खोकला. तुणतुण्याची तार छेडली... आणि लागला.

वारा घुसला. मठीतलं कुत्रं भुंकलं. मधे दोनदा खोकला आला. पण आख्यान शेवटपर्यंत गेलं.

विश्रामच्या मांडीवरची वही कधी खाली पडली, त्याला कळलं नाही.

त्यानं मोबाइल दोन्ही हातांत उचलला.

“आता...” विश्राम म्हणाला. “आता हे ठेवू कशात, बुवा?”

“अक्काताईकडं.”

त्या दसऱ्यापर्यंत नऊच्या नऊ झाली. काही फुटक्या मोबाइलवर, काही विश्रामनं आणलेल्या साध्याशा यंत्रावर. कुठलं, म्हणून विचारलं तर तो सांगायचा, “दुकानात होतं ते.” मग त्यानं कऱ्हाडपासून जतपर्यंत गोंधळ्यांची घरं पालथी घातली. ज्याच्याकडं जे चालेल त्यात भरून दिलं. वही शेवंतानं चुलीला लावली, त्यानं बघितलं आणि चहा मागितला.

वर्ष फिरलं. एका सकाळी विश्राम धावत मठीत आला.

“बुवा! जतच्या एका म्हाताऱ्यानं आमची ऐकली. त्याच्या आज्यानं आमच्या पणज्याकडनं घेतलेली दोन त्याला येत होती... आमचीच, गेलेली! त्यानं पाठवली. आबांनी ऐकली, आणि तिसऱ्या ओळीपासनं स्वतःच म्हणाया लागले! अकरा झाली बुवा, घरात अकरा!”

बुवा दहीभात जेवत होते.

“कशात पाठवली हो ती, मी बघितलंसुद्धा नाही!” विश्राम हसत होता, डोळे पुसत होता.

बुवांनी ताट चाटून पुसलं.

“शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत धाडत नाही, लेका.”